विहीणबाईचं प्रस्थान

सौंसर
१४ सप्टेंबर २०२५

विहीणबाई अनुराधाबाईले शकुबाईचा नमस्कार.

तुमचा कागद गजानन कंडक्टरनं दुपारच्या बसनं आणून देल्ला. कागद कायचा जी, शाळेचं टाइमटेबलच! मास्तरीण रिटायर झाली पण खडू काही हातचा सुटला नाही. पहिला तास नागपूर ते दिल्ली, दुसरा दिल्ली ते टोरंटो, तिसरा टोरंटो ते सास्काटून. मधली सुट्टी कुठी हाय? डब्बा कवा खायचा?

मी फोन उचलत नाही म्हणून तुमी रागावल्या, असं गजानन सांगत होता. कान गेले तवापासून मले फोनमंदी नुसता भुंगा ऐकू येते. कागदाचं बरं असते. दोनदा वाचला तरी चिडत नाही.

आता कामाचं. नेहा तुमची लेक, अभिजीत माहा लेक, अन् जानेवारीच्या आखरीले येणारं नातवंड दोघीचं. मंग दोघीनं मिळून जायचं हे पक्कं. पण तीन टिकटा तीन कंपनीच्या, हे मले पटून नाही राहिलं. सस्ती पडते म्हणता. पडत असन. अभिजीतचे बाबा जित्ते होते तवा संत्र्याचा माल दूरदूर धाडत. मालाच्या कागदाले बिल्टी म्हणत. एका बिल्टीचा माल असला की वाटेत गाडी बदलो का खराब होवो, पोचवून देणं ट्रान्सपोर्टवाल्याच्या गळ्यात. दोन बिल्ट्या केल्या, पहिली गाडी उशिरा आली, दुसरी निघून गेली, की माल तिथंच सडते अन् दोघंबी हात वर करते. मधल्या जागेचा कोणीच मालक नसते.

तुमी दिल्लीत दोन तास चाळीस मिनिटं ठेवली. दहा-अकरा तास तरी पाहिजे. आपण सडलो त कोण उचलन हो आपल्याले?

तुमची,
शकुबाई


पांढुर्णा
२१ सप्टेंबर २०२५

सौ. नाही, श्रीमती नाही, नुसत्या शकुबाई, कारण तुम्हाला दुसरं काही लिहिलं की तुम्ही हसता.

तुमची बिल्टी वाचली. तुम्ही म्हणता तेच नियमात आहे, फक्त मोठ्या शब्दांत. सुटी टिकटं असली की दिल्लीला आपली बॅग पट्ट्यावरून आपणच उचलायची, दुसऱ्या कंपनीच्या खिडकीवर नेऊन पुन्हा द्यायची. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी म्हणणार, तुम्ही आलाच नाहीत. पण दोन तास चाळीस मिनिटं पुरतात असं तीन ठिकाणी लिहिलं आहे.

मी लंडनवरूनही पाहिलं होतं. तिथं बॅग उचलायला बाहेर यावं लागतं आणि बाहेर यायला त्या देशाचा वेगळा व्हिसा. म्हणून बदल फक्त दोन जागी, दिल्ली आणि टोरंटो. सगळं वहीत आखून ठेवलं आहे. तुम्ही म्हणता तसे दहा-अकरा तास विमानतळावर बसून आपण करायचं काय? भजन?

नेहाला पाचवा चालू आहे. अजून नोकरीवर जाते, स्वतः गाडी चालवून. मी सांगून थकले.

अनुराधा


सौंसर
५ ऑक्टोबर २०२५

विहीणबाई,

तीन ठिकाणी लिहिलेलं असन. मी चवथ्या ठिकाणी करून पाह्यलं.

शनिवारी मोठी बॅग घेतली, त्यात गहू भरला अदमासे तेवीस किलो, अन् गजाननच्या बसमंदी बसली. लोधीखेड्याले उतरायचं, बॅग स्वतः काढायची, दुसऱ्या मालकाच्या बसमंदी स्वतः चढवायची अन् सावनेरले जायचं. लोधीखेडा म्हणजे आपली दिल्ली. दोन बसमंदी अंतर पाऊण तासाचं. तुमच्या हिशोबानं लय झालं.

वाटेतल्या एका फाट्यावर गजाननचं टायर बसलं. पोचलो तवा सावनेरची बस धूळ उडवत जाऊन राहिली होती. मी हात केला. त्यानं पाह्यलं अन् नाही थांबला. मी गजाननले म्हणलं, "आता काय करू?" त्यो म्हणे, "काकू, माही जबाबदारी लोधीखेड्यापर्यंत." पाहा जी! कंपनीवाला काय वेगळं सांगन?

मंग बॅगवर बसून राहिली. लोकं इचारत, "बाई, कुठी चालल्या?" मी म्हणे, "क्यानडा." एक म्हातारा म्हणे, "त मंग ही बस नाही जात तिकडं, छिंदवाड्याची धरा."

अकरा तास ठेवा. भजन नाही, मी तुमाले चिडवीन. अकरा तास पुरतच नाही त्याले.

शकुबाई


पांढुर्णा
२४ नोव्हेंबर २०२५

शकुबाई,

अभिजीतनं तुम्हाला मेसेज केला असेल. तुम्ही वाचला की नाही ते कळलं नाही म्हणून लिहिते.

नेहाचं बाळ गेलं. गुरुवारी. सातवा संपत आला होता. मुलगी होती. पोटातच थांबली होती, डॉक्टरांना कारण सापडलं नाही. नेहा घरी आली आहे. बोलत नाही. अभिजीत म्हणतो, खिडकीजवळ बसून असते.

तिनं एकच निरोप दिला, कोणी येऊ नका.

टिकटं आठ जानेवारीची काढलेली आहेत, तुम्ही म्हणाला तसे अकरा तास मध्ये ठेवून. त्यांचं काय करायचं ते पाहते.

अनुराधा


सौंसर
२६ नोव्हेंबर २०२५

विहीणबाई,

वाचला होता मेसेज.

तूर सोलत होती. वाचून झाल्यावर पुन्हा सोलली. सारी टोपली संपली तवा लक्षात आलं का सोललेले दाणे फोलपटात टाकले अन् फोलपट भाजीच्या गंजात. पुन्हा निवडत बसली. रडू नाही आलं. बाया आल्या होत्या, त्याइनं वाट पाह्यली, मंग गेल्या.

माह्यं टिकट राहू द्या.

शकुबाई


पांढुर्णा
२८ डिसेंबर २०२५

शकुबाई,

एक महिना मी वाट पाहिली की तुम्ही स्वतःच म्हणाल, रद्द करा. आता मलाच लिहावं लागून राहिलं आहे.

तीन कंपन्यांचे तीन नियम. दिल्लीचं टिकट रद्द होतं. टोरंटोचं रद्द होत नाही, फक्त तारीख बदलते. सास्काटूनचं ना रद्द होतं ना बदलतं. एकाला हात लावला की बाकीची दोन लटकतात. म्हणून तिन्ही सोडून द्यायची, असं मी ठरवलं आहे. दोघींचीही. माझा गुडघा थंडीनं धरला आहे, तिकडं उणे तीस असतं. आणि तुम्ही एकट्या कशा जाणार? तिथं नावं पुकारतात, ती तुम्हाला ऐकू येत नाहीत.

मुख्य म्हणजे पोरीनं सांगितलं आहे, येऊ नका. जिथं नको म्हटलं तिथं जाऊ नये.

पुढच्या सोमवारपर्यंत तुमचा होकार कळवा.

अनुराधा


सौंसर
५ जानेवारी २०२६, सोमवार

विहीणबाई,

होकार नाही. गाठोडं पाठवून राहिली. गजाननच्या हाती हाय, नीट उतरवून घ्या.

आठ तारखेले बेस्तरवार, तुमचा गुरुवार; त्या दिवशी दक्षिणेले निघू नये अन् नागपूर पडते दक्षिणेले. विमानाले ते सांगून उपयोग नाही. म्हणून आमची माय करे तसं केलं. चांगल्या दिवशी आपली एक वस्तू, सुपारी, हळकुंड, मूठभर तांदूळ फडक्यात बांधायचे अन् घराच्या बाहेर दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. त्याले प्रस्थान म्हणते. ते ठेवलं का माणूस निघालाच समजा. पाय मागून जाते इतकंच. तीन दिवसाच्या आत निघा लागते. अन् गाठोडं वापस घरी आणता येत नाही, लय अशुभ असते.

म्हणून मी तुमच्या घरी ठेवलं. आता मी निघून चुकली. रद्द कसं करता, करा.

गाठोडं देवघरात ठेवा, जमिनीवर नको. अन् सोडू नका. मास्तरणीले दुसऱ्याची बॅग तपासायची सवय असते म्हणून सांगून ठेवलं.

कान नाही त का झालं. डोळे हायत, तोंड तर सगळ्यात जास्त हाय. बुधवारी तुमच्या घरी येते. बेस्तरवारी सकाळच्या गाडीनं नागपूर.

शकुबाई


पांढुर्णा
६ जानेवारी, सकाळी

शकुबाई,

मी गाठोडं सोडलं. सोडावंच लागलं. विमानाचं चेक-इन आजपासून करायचं होतं आणि पासपोर्टचा फोटो मागून राहिले. तुम्हाला मेसेज केला तर तुमचं उत्तर, "पासपोर्ट तर निघाला ना जी पुढं." म्हणजे सगळ्यात महत्त्वाचा कागद तुम्ही हळकुंडासोबत बसच्या टपावर पाठवला! पहिल्या पानाला हळद लागली आहे. मी कोरड्या कपड्यानं पुसली. नंबर दिसतो. चेक-इन झालं.

तुमचंच टिकट राहू दिलं. माझं मी सोडून दिलं, त्यावर आता बोलणं नको.

गाठोड्यात आणखी एक पुडी होती. लहान बाळाच्या मनगट्या, काळ्या-पांढऱ्या मण्यांच्या. दोरा पिवळा पडला आहे. मला वाटलं अभिजीतच्या. पण त्याचं बारसं झालं तेव्हाचा फोटो तुमच्या बैठकीत आहे, त्यात हातात चांदीचे कडे आहेत.

नेहासमोर आता हे नेऊ नका, शकुबाई. हात जोडते.

अनुराधा


सौंसर
६ जानेवारी, दुपारची बस

विहीणबाई,

सांगतलं होतं सोडू नका म्हणून. सोडलंच.

अभिजीतच्या आधी एक होती. १९८५, उन्हाळ्यात. अकरा दिवसाची झाली. बाराव्या दिवशी बारसं होतं. पाळणा बांधून झाला होता, घुगऱ्या भिजत घातल्या होत्या. मंग बाया आल्या, त्याइनं पाळणा सोडला, घुगऱ्या गाईले देल्ल्या अन् मले म्हणल्या, पहिलीच हाय, अजून होतीन. सासू म्हणे, नाव नव्हतं ठेवलं ते बरं झालं, नाव असलं का आठवण येते.

नाव नाही त कोणाले सांगू कोण होती ते? अभिजीतले नाही माहीत. त्याच्या बाबाइनं जल्मात एकदाबी तिचा विषय काढला नाही. मी गमती करत राहिली. गमती करणाऱ्या बाईले कोणी काही इचारत नाही, हा मोठा आराम असते.

मनगट्या मी नेणार. तांदूळ सांडले असन त नवे घाला.

उद्या येते तवा याच्यावर तोंडानं काही बोलू नका. बोललात त मले ऐकू नाही आलं असं समजीन.

शकुबाई


दिल्ली विमानतळ
८ जानेवारी २०२६

विहीणबाई,

कागदावर लिहून फोटो काढून राहिली. बाजूच्या सरदारणीनं शिकवलं.

तुमचं सास्काटूनच्या थंडीचं पुराण ऐकलं होतं, दिल्लीच्या धुक्याचं काहून नाही सांगतलं? नागपूरचं विमान साडेतीन तास उशिरा निघालं. तुमचे दोन तास चाळीस मिनिटं असते त मी आता तुमच्यासंग पांढुर्ण्याले चहा पीत असती. माहे अकरा होते. साडेसात उरले. लोधीखेड्याले दंडवत.

पट्ट्यावरून बॅग मीच उचलली. एका पोट्टीची बॅग पहिले उचलली होती, तिनं वापस घेतली. मंग दुसऱ्या कंपनीची खिडकी. तुमी इंग्रजीत लिहून गळ्यात टांगलेला पुठ्ठा, 'मला ऐकू येत नाही, कृपया लिहून सांगा', लय कामाचा हाय. सारे इतके हळू अन् गोड वागते का मी पांढुर्ण्यातबी घालून फिरीन.

एक सांगू? काल रात्री जेवताना तुमी दोन ताटं वाढली अन् आपलं ताट घेऊन आत गेल्या. गुडघा दुखणारी बाई पाटावर मांडी घालून बसली होती. मी पाह्यलं.

गुडघ्याचं नाव काहून घेता?

शकुबाई


पांढुर्णा
१३ जानेवारी २०२६

शकुबाई,

पोचल्याचा अभिजीतचा मेसेज आला. तेवढं वाचून वही बंद केली.

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. तोंडानं मला जमणार नाही.

त्या गुरुवारी नेहानं स्वतः फोन केला होता. अभिजीतच्या आधी. म्हणाली, "आई, ती गेली." आणि मी म्हणाले, "तुला सांगितलं होतं ना, बर्फात गाडी चालवत नोकरीवर जाऊ नको." हेच. पहिलं वाक्य. छत्तीस वर्षं शाळेत हेच वाक्य बोलले, सांगितलं होतं ना. तिनं फोन ठेवला. कोणी येऊ नका, हा निरोप सगळ्यांसाठी नव्हता. माझ्यासाठी होता.

म्हणून मी आले नाही. टिकटाचं कारण नव्हतं, गुडघ्याचंही नव्हतं.

आता ती काही खाते का, एवढं कळवा. माझं नाव काढू नका.

आणि माझा दुसरा चष्मा सापडत नाही, वाचायचा. तुम्ही गेल्या त्या दिवसापासून घरभर शोधला. चुकून तुमच्या सामानात तर गेला नाही ना?

अनुराधा


सास्काटून
१८ जानेवारी २०२६

विहीणबाई,

चुकून नाही गेला.

सुरुवातीपासून सांगते. टोरंटोले बॅग पुन्हा काढली, पुन्हा देल्ली, तिसऱ्या विमानात बसली. पोचली तवा अभिजीत रडला. मी त्याची पाठ थोपटली. मले अजूनबी रडू येऊन नाही राहिलं.

नेहा खिडकीपाशी होती. उठली, पाया पडली, पुन्हा बसली. बाहेर सारं पांढरं. पहिले तीन दिवस मीबी तिच्या बाजूले बसली. पीठ मळलं, भाकरी केली, ठेवली. पहिल्या दिवशी नाही खाल्ली, दुसऱ्या दिवशी चतकोर, मंग अर्धी. आता एक खाते.

ती कोणासंग बोलत नाही, हे अभिजीतचं खरं हाय. पण माह्यासंग तोंडानं बोलून उपयोग नाही, लिहाच लागते. अभिजीतनं एक पाटी आणून ठेवली होती. चवथ्या दिवशी मी मनगट्या तिच्या मांडीवर ठेवल्या अन् बसून राहिली. लय वेळानं तिनं पाटीवर लिहिलं, "कोणाच्या?" मी सांगतलं. अकरा दिवस, घुगऱ्या, सारं. तिनं लिहिलं, "नाव?" मी म्हणलं, "नव्हतं." ती खडू धरून बसली. मंग लिहिलं, "माझ्याही मुलीला नाही."

मंग दोघी बाहेर पाहत बसलो. बस.

तुमी म्हणलं होतं माह्यं नाव काढू नका. मी नाही काढलं. नुसता तुमचा चष्मा काढला. बुधवारी तुमच्या देव्हाऱ्याजवळून उचलला होता. आज रविवारी फडक्यात तांदूळ, सुपारी घेतली, चष्मा ठेवला अन् तिच्यासमोर गाठ बांधायले बसली. तिनं हात धरला. चष्मा काढून घेतला, दोन्ही काचा पाह्यल्या, ओढणीच्या टोकानं पुसल्या. पुसतच राहिली. मंग पाटी न घेता काही बोलली. मले ऐकू नाही आलं. अभिजीतनं दारातून लिहून दाखवलं, "आई चष्मा कधीच पुसत नाही, मग म्हणते, दिसत नाही."

दोन महिन्यात तिच्या तोंडून निघालेली सगळ्यात लांब गोष्ट हीच.

आता ऐका. लोकं प्रस्थान शेजारी ठेवते, मी तुमचं समुद्राच्या पलीकडं आणून ठेवलं. ठेवलं का माणूस निघालाच. वापस नेता येत नाही. तीन दिवसात टिकट काढा. अन् यावेळी सस्त्याच्या मागं लागू नका, नागपूरपासून इथवर एकाच बिल्टीचं काढा. मधल्या जागेवर तुमाले एकटं सोडायचं नाही मले.

चष्मा तिनं खिडकीत ठेवला हाय. पुसलेला हाय.

तुमची,
शकुबाई